आबांची पंपाची बंदूक

मसुरे, देऊळवाडी
१२ ऑक्टोबर १९५९

गुरुदास,

वर 'चिरंजीव' लिहावं की नुसतं नाव, यात शाळेचे दोन कागद फुकट गेले. शेवटी नुसतं नाव लिहिलं. तुझ्या थोरल्या बहिणीला अकरा वर्षांनी पत्र लिहायचं कसं सुचलं, असं तुला वाटेल. म्हणून आधीच सांगते, काम आहे.

चैत्रात आबा गेले. तार केली होती. वेंगुर्ल्याहून मालवण म्हणजे लाँचने काही तासांची वाट, तरी तू आला नाहीस. यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, आणि लिहून झालं.

आता काम. आबांची पंपाची बंदूक चैत्रापासून मालवणच्या पोलीस कचेरीत जमा आहे. परवाना आबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. हवालदार म्हणतात, वारसांपैकी एकाने अर्ज करायचा, दुसऱ्याने आपली हरकत नाही अशी सही द्यायची. मुदत एकतीस जानेवारी. त्यानंतर बंदूक सरकारजमा. वारस आपण दोघंच. परवाना मी माझ्या नावावर मागणार म्हटल्यावर हवालदार हसले. मी म्हटलं, पन्नास पोरांना एका आवाजात गप्प बसवते, मला डुकरांचं काय सांगता? मग हसायचे थांबले.

डुकरांनी यंदा रताळ्यांचे वाफे पार उकरून टाकलेत. पौषातल्या पारधीला गावात ठासणीच्या तीन बंदुका, त्यातली एक महादूची, आणि तिन्ही बार काढण्यापेक्षा धूरच जास्त काढतात. सगळ्यांना सारंगाची बंदूक हवी आहे. तुला आठवत नसेल, पण आबा बोटीवर सारंग होते तेव्हा कप्तानाने ती त्यांना दिली, आणि त्या सुट्टीत सारा गाव आपल्या अंगणात जमला होता. दांडा मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलला की भरलेलं आत. तो आवाज ऐकायला म्हातारे पुन्हा पुन्हा म्हणायचे, 'सारंगानु, परत एकदा करा.' तू तेव्हा दोन वर्षांचा होतास, आवाज झाला की टाळ्या वाजवायचास.

सोबत कागद आहे. फुली केली आहे तिथे सही कर. महादूच्या गुडघ्याचं झालं ते होऊन गेलं. एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातून चूक होते. आता ते कोणी उगाळत नाही.

सुभद्रा

मसुरे
२ नोव्हेंबर १९५९

गुरुदास,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'माझं बोट चापावर नव्हतं. बंदूक दर्यात टाक.' वर नाव नाही, खाली नमस्कार नाही. पोस्टमन लवूने वाटेत वाचूनच दिलं. 'बाई, दर्यात काय टाकूचां आसा?' असं शाळेच्या दारात सगळ्या पोरांसमोर विचारलं. मी म्हटलं, तुला. पोरं दिवसभर हसत होती.

मी मात्र हसले नाही. कार्ड गणिताच्या पुस्तकात ठेवलं, मग पिशवीत, मग परत पुस्तकात. चौथीला त्रैराशिक शिकवताना दोनदा चुकले. मधल्या सुट्टीत विहिरीपर्यंत गेले आणि पाणी न पिताच परत आले. तू हे असलं वाक्य लिहून मोकळा होतोस आणि इथे माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

तेच वाक्य तू त्या दिवशीही म्हणत होतास. देवळामागच्या मळ्यात माणसं हाकारायला उभी होती, तुझी पहिली पारध, हातात आबांची बंदूक. तू दांडा ओढलास, पुढे ढकललास आणि बार उडाला. शेजारी उभ्या महादूचा उजवा गुडघा फुटला. चार माणसांनी त्याला खुर्चीत घालून नेलं, आणि तू अंगणात उभा राहून एकच धोशा लावलास, 'माझां बोट चापार नव्हतां, आबा. मी नुसतो दांडो फुडे ढकललंय, ती आपसूक उडाली.' आबा म्हणाले, 'बंदूक आपसूक उडणा नाय. चूक केलंस ती केलंस, वर खोटां बोलतस?' ते तुला घालवत नव्हते, तू कबूल करावंस एवढंच त्यांना हवं होतं. तू केलं नाहीस. तिसऱ्या दिवशी गेलास.

आबांनी ती बंदूक पुन्हा कधी उघडली नाही. जशी आणली तशी कपाटात ठेवली, वर्षाच्या वर्षाला परवाना तेवढा नवा केला. एकदा मी विचारलं, 'मग ठेवता कशाला?' तर म्हणाले, 'तो येतलो, माझी चूक झाली म्हणतलो, तेव्हा तेच्या हातात देवची आसा.' हे तुला कळवायचं नव्हतं. पण दर्यात टाक म्हणालास म्हणून लिहिलं.

मी ती टाकणार नाही. दुरुस्त करून घेणार आहे. सावंतवाडीला धोंडू मेस्त्री म्हणून आहेत, पूर्वी संस्थानच्या शिकारखान्यात होते. बंदूक कचेरीतून परवानेवाल्याच्याच हातात देतात, म्हणून महादू येणार आहे. होय, तोच. लंगडत येणार आणि तीच बंदूक खांद्यावर घेऊन एस.टी.त बसणार. मी विचारलं तेव्हा त्याने पान थुंकून एवढंच म्हटलं, 'बंदुकीक काय म्हायत, पाय कोणाचो तो.'

सुभद्रा

मसुरे
२४ नोव्हेंबर १९५९

गुरुदास,

काल महादू आणि मी सावंतवाडीला जाऊन आलो. हकिकत कळवते.

खांद्याला टेकवायच्या दस्त्याला वाळवी नाही, ते शिसव आहे. पकडायचा दांडा मात्र उभा चिरला आहे, तो नवा करावा लागेल. नळीला बाहेरून गंज. धोंडू मेस्त्रींनी काडतुसं भरायची खालची नळी उघडली तर आत दोन काडतुसं तशीच! कागदी काडतुसं, अकरा पावसाळ्यांची दमट हवा खाऊन भिजवलेल्या वालासारखी फुगून अडकलेली. म्हणजे भरलेली बंदूक आपण इतकी वर्षं कपाटात ठेवली आणि वर पोलिसांच्या ताब्यात दिली. महादूने कपाळाला हात लावला. मेस्त्रींनी लाकडी दांडीने एकेक हलकेच बाहेर काढलं. तेवढा वेळ मी दुकानाबाहेर उभी होते आणि महादू आतच बसून होता. मग तो चहाला गेला आणि मी आत गेले.

मेस्त्री ऐंशीच्या पुढचे आहेत, पण हात कापत नाही. सगळे भाग फडक्यावर ओळीने मांडले होते. आत थोडा मळ होता म्हणाले. तो साफ करतील. पंधरवड्याने बंदूक मिळेल.

बाकी ठीक. तू कामाला आहेस त्या फळबागेतली काजूची कलमं चांगली निघतात असं ऐकते. सही मात्र पाठव.

सुभद्रा

मसुरे
२० डिसेंबर १९५९

गुरुदास,

मागचं पत्र लवूच्या हातात दिलं आणि मधल्या सुट्टीत त्याच्या मागे धावले. म्हटलं, ते परत दे. तो म्हणाला, 'बाई, पेटयेत पडलां तां सरकारचां.' एका अर्थी बरंच झालं. त्यात लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त मुख्य गोष्ट त्यात नाही.

आज सकाळी थंडी होती. डोकं धुतलं होतं, तेल लावायला बाटली उलटी केली तर थेंब पडेना. आत पांढरंफेक थिजलेलं. चुलीजवळ धरली तेव्हा वितळलं. ती बाटली हातात घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे, भात करपला.

वाडीला महादू चहाला गेल्यावर मेस्त्रींनी मला जवळ बोलावलं. बोटाएवढी एक सुई दाखवली. चाप ओढला की हीच पुढे जाऊन काडतुसावर टोचते, मग मागे यायची. ती आपल्या भोकात पुढे रुतून बसली होती, भोवती तपकिरी चिकट लगदा. मेस्त्रींनी नखाने खरवडून नाकाशी नेला, मग माझ्या नाकाशी. अकरा वर्षांनीसुद्धा तोच खवट वास.

'बंदुकीक खोबऱ्याचां तेल कोणी घातलां?'

मी म्हटलं, मला माहीत नाही.

'थंडीत ह्यां दगडासारख्यां होता. सुई फुडेच ऱ्हवली. मगे चापाक बोट लावची काय गरज? दांडो ढकलल्यान की झाला. कोणाक लागलां तर नाय मां?'

मी म्हटलं, नाही.

गुरुदास, तेल मी घातलं होतं. आबांचं बोटीवरून आणलेलं बंदुकीचं तेल संपलं होतं आणि तू आदल्या दिवशी बंदूक पुसायला बसलास, तर फडकं कोरडंच फिरवत होतास. तू पाणी प्यायला उठलास तेवढ्यात मी बाटली घेतली आणि फटीफटीतून ओतलं. सढळ हाताने. आपल्याकडे कशाला नाही खोबरेल? दाराच्या बिजागरीला, गाडीच्या आसाला, तुझ्या डोक्याला, सगळ्याला तेच. भावाची पहिली पारध, बंदूक सरसर चालावी एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्याला लावायला बाटली घेतली तर अशीच थिजलेली होती. वितळवली, वेणी घातली, आणि तू बंदूक खांद्यावर घेऊन निघालास तेव्हा तुला ओवाळलं. बाटलीत जे झालं ते बंदुकीतही होत असेल, हे डोक्यात आलं नाही. इथवर मी अजाण होते, हे तू मान्य करशील.

पुढचं मान्य करण्यासारखं नाही. महादूला नेलं, आबांनी बंदूक ओट्यावर टाकली. दांड्याच्या फटीत पांढरे कण दिसले. मी बोट लावलं आणि मला कळलं. नीट नाही, अर्धवट. मी पदराने ते पुसलं. आबांनी विचारलं, 'हेका तुझ्याशिवाय कोणी हात लावलो?' विचारलं तुला, पण बघत होते माझ्याकडे. मी म्हटलं, 'नाय.' तू समोर उभा होतास. तुला काही माहीत नव्हतं, तू खरंच बोलत होतास आणि सगळ्या अंगणात ते खरं आहे हे माहीत असलेली मी एकटी होते.

पोरं खोटं बोलली की मी त्यांना अंगठे धरून उभं करते. तू गेल्यापासून हे करते आहे.

डुकरांसाठी मला बंदूक नको होती. ती कुणीतरी उघडावी आणि माझं चुकीचं निघावं, आत नुसता गंज असावा, एवढ्यासाठी ही सगळी यातायात. गंज फक्त बाहेर होता.

तेव्हा सही पाठवू नकोस. सध्या काहीच पाठवू नकोस. नळीचं तोंड महादूकडे का होतं, हा दोष तुझा, तो मी तुझ्याच पदरात ठेवते. बाकीचा सगळा माझा.

सुभद्रा

मसुरे
३ जानेवारी १९६०

गुरुदास,

तुझं काही आलं नाही. लवू रोज शाळेवरून जाताना मान हलवतो. मीच नको म्हटलं होतं, तरी रोज बघते.

महादूला सांगितलं. बंदूक तयार झाली म्हणून तो वाडीहून ती घेऊन सरळ आपल्याकडे आला. काय झाली आहे रे! नळी काळीभोर, दांडा नवा शिसवाचा. आणि आवाज! महादूने रिकामाच दांडा मागेपुढे केला आणि मी स्वयंपाकघरात होते ती तशीच बाहेर आले, वाटलं आबाच. महादू लहान मुलासारखा हसत होता. मला तो आनंद मोडायचा नव्हता. पण आज नाही तर कधीच नाही हेही कळत होतं. उभ्या उभ्याच सांगितलं, तेलापासून 'नाय'पर्यंत.

त्याने बंदूक ओट्यावर ठेवली. बराच वेळ गुडघा चोळत बसला. मग म्हणाला, 'अकरा वर्षां मी तेका शिवी घालतंय गो बाय. रोज सकाळी उठताना. पाय टेकलो की पयली शिवी गुरुदासाक.'

मी म्हटलं, आता मला घाल.

'तुका शिवी घालूक माका अकरा वर्षां खंयसून आणू?' म्हणाला. आणि मग, 'माका सांगलंस तां बरां झालां. पण सारंगाक सांगूक होयां होतां. ते गेले.' हे त्याने ओरडून म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

बंदूक घेऊन गेला. त्यानंतर आठ दिवस आपल्या पाणंदीने आला नाही. त्याची बायको नर्मदा रोज दूध आणते, ती कुंपणावरूनच तांब्या ठेवून जाते. मी शाळेत जाते, येते, केर काढते, काढलेला पुन्हा काढते. आबांच्या तसबिरीकडे पाठ करून जेवते. सोळा तारखेला पारध आहे. पारधीच्या सकाळी बंदुका देवापुढे ठेवून गाऱ्हाणं घालतात, आणि त्याचा मान महादूच्या घरचा. त्याचा बाप गेल्यापासून तोच घालतो. सगळा गाव ऐकतो. तो काय म्हणेल या धास्तीने माझ्या हातून काल दोन कपबशा फुटल्या.

तुझ्या बायकोला हे दाखव. माझ्याविषयी तिला जे सांगितलं असशील त्यात भर घालायला उपयोगी पडेल.

सुभद्रा

मसुरे
१७ जानेवारी १९६०

चिरंजीव गुरुदास,

आज लिहिते. नको असेल तर खोडून टाक.

काल पारध झाली. सकाळी देवळात तिन्ही ठासणीच्या बंदुका देवापुढे मांडल्या, आणि महादूने चौथी मांडली, आपली. ती अकरा वर्षांत तिथे आली नव्हती, त्यामुळे माणसं एकमेकांकडे बघू लागली. आम्ही बायका दीपमाळेपाशी उभ्या होतो. मी सगळ्यांच्या मागे. कुणी विचारलं तर डोकं दुखतं म्हणून सटकायचं असं ठरवून आले होते.

महादू नारळ हातात घेऊन उभा राहिला. त्याला सरळ उभं राहता येत नाही, डाव्या पायावर भार देतो. गावाचं, गुराढोरांचं, मुंबैक गेलेल्यांचं नेहमीचं सगळं म्हणून झालं. लोक 'व्हय म्हाराजा' म्हणत गेले. मग तो आपल्या बंदुकीकडे वळला. जसं म्हणाला तसं लिहिते.

'अकरा वर्सांमागे तुझ्या पारधीक ह्या बंदुकीन माझो पाय घेतलो, म्हाराजा. बंदूक गुरुदासाच्या हातात होती. तेल सुभद्रेचां होतां. आणि थंडी तुझी होती, म्हाराजा. चापार बोट कोणाचांच नव्हतां. तो खरां बोललो आणि आमी तेका खोटो पाडलो. मी पन पाडलंय. तां आज सगळ्यांच्या म्होरां तुझ्या पायाकडे ठेवलंय. सारंग वर तुझ्याकडे आसत, तेंका तू सांग. आणि जो घर सोडून गेलो आसा, तेका घराची वाट दाखव रे म्हाराजा!'

मग मागून कुणाचा तरी आवाज आला, 'व्हय म्हाराजा.' तो माझा होता. बायकांनी म्हणायची पद्धत नाही. पण त्यानंतर सगळे म्हणाले, देऊळ दणाणलं. मी तिथेच खाली बसून ढसाढसा रडले, आणि नर्मदेने, कुंपणावरून तांब्या ठेवणाऱ्या त्याच नर्मदेने, माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

आपली बंदूक पारधीला नेली नाही. माणसं म्हणाली, महादू, तू चालव. तो म्हणाला, 'जेची आसा तो येतलो आणि नेतलो.' डुकरं दोन मिळाली, ठासणीच्याच. धूर खूप झाला.

आज सकाळी महादू बंदूक पुसायला घेऊन आला, कारण उद्या ती परत कचेरीत द्यायची आहे. शिलाईच्या मशीनचं तेल आणलं होतं. मी मदत करायला हात पुढे केला, तर बाटली माझ्या हातात दिली नाही. 'तू लांब बस बाय,' म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो.

आता कामाचं. ऑक्टोबरात मी तुझ्याकडे सही मागितली होती. तो अर्ज मी फाडला. नवा लिहिला आहे, परवाना तुझ्या नावावर. खाली माझी हरकत नाही अशी मी सही केली आहे. आबांना ती तुझ्याच हातात द्यायची होती. तू चूक कबूल करशील म्हणून ते थांबले होते. कबूल करायचं ते मी करून टाकलं, तू फक्त ये. अर्जदाराने स्वतः कचेरीत यावं लागतं, माझ्या हातात तेवढं नाही. एकतीस तारखेला रविवार आहे, म्हणून शुक्रवारची, एकोणतीसची लाँच तुला सोयीची.

मालवणच्या धक्क्यावर मी येणार नाही. माझ्याच्याने तुझं तोंड पहिल्यांदा चारचौघांत बघवणार नाही, मी घरी थांबते. महादू येणार आहे. नको म्हटलं तर ऐकत नाही. पहिल्या एस.टी.ने निघणार, म्हणजे लाँच लागायच्या दोन तास आधीच तिथे पोचणार. तिथे बसायला जागा नाही आणि त्याला फार वेळ उभं राहवत नाही.

तुझी
आका